आठ इंची दुर्बीण, ठाण्याची गच्ची आणि कोणता आयपीस घ्यावा

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. आठ इंची डॉब्सोनियन (थोडक्यात डॉब: हाताने फिरवायची, आरशाची) दुर्बीण आहे, मुक्काम ठाण्यात आहे आणि डोळ्यांवर चष्मा आहे, अशा कुणी विचारलं तर पहिला जादा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं बदलता येणारं भिंग, १२ मिमीचा घ्यायला सांगेन. साठ अंशी दृष्टिक्षेत्राचा (म्हणजे आत दिसणारं वर्तुळ तेवढं रुंद) आणि डोळा लांब ठेवून बघता येणारा. माझ्याकडे आहे तो बीएसटी स्टारगायडर. त्याच मालिकेतला ८ मिमी त्याच्यामागून. आणि ३० मिमीचा दोन इंची नळीचा गलेलठ्ठ आयपीस, ज्याच्या फोटोवर नवे लोक हमखास भाळतात, तो फक्त गच्चीवरून बघणाऱ्याने घेऊ नये.

माझं नौपाड्यात चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे डोळे तपासते आणि आभाळ स्वच्छ असलं की रात्री वर्तकनगरला आमच्या इमारतीच्या गच्चीवर दुर्बीण लावते. त्यामुळे आयपीसची जी परीक्षणं वाचायला मिळतात त्यांत मला एक गोष्ट कायम खटकते. भिंगं किती, कोटिंग कुठलं, काठावरचा तारा किती फिसकटतो, सगळं असतं. ज्या डोळ्याने बघायचं त्याची चौकशी कुणी करत नाही. दुर्बिणीतून आलेला प्रकाश शेवटी तुमच्याच डोळ्यातून आत जायचा आहे. तिथे दोष असेल तर लाखाचा आयपीससुद्धा तारा ठिपक्यासारखा दाखवणार नाही.

माझ्या दुर्बिणीचा आरसा २०३ मिमीचा, फोकल लेंथ, म्हणजे आरशापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतचं अंतर, १२०० मिमी. त्याला आरशाच्या व्यासाने भागलं की एफ/५.९. या १२०० ला आयपीसच्या मिलिमीटरने, म्हणजे त्याच्या फोकल लेंथने, भागलं की किती पट दिसणार ते कळतं. २५ मिमीने ४८ पट, १० मिमीने १२० पट. हे दोन्ही प्लॉसल पेटीतच आले होते. व्हिएन्नाच्या गेऑर्ग सायमन प्लॉसलने १८६० मध्ये बसवलेली ही रचना, दोन-दोन भिंगांच्या दोन जोड्या समोरासमोर. दीडशेहून जास्त वर्षं ती टिकून आहे आणि ते तिच्या गुणावर. मधोमध चित्र एकदम स्वच्छ. २५ मिमीचा प्लॉसल मी आजही वापरते, चंद्राला तर आवर्जून.

अडचण १० मिमीची. प्लॉसलमध्ये डोळा भिंगापासून जास्तीत जास्त जितका लांब ठेवून अख्खं चित्र दिसतं ते अंतर, म्हणजे आय रिलीफ, फोकल लेंथच्या साधारण सत्तर-ऐंशी टक्के असतं. २५ मिमीला ते १७-१८ मिमी येतं, काही तक्रार नाही. १० मिमीला जेमतेम ७. आता चष्म्याचा हिशेब बघा. चष्म्याची काच डोळ्यापासून १२ ते १४ मिमी पुढे बसते, वर काचेची जाडी. म्हणजे चष्मा लावून बघायचं तर निदान १६ मिमी तरी हवेत. ७ मिमीच्या आयपीसमध्ये चष्मेवाल्याला किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं, बाकी काळोख.

“मग चष्मा काढून बघा की,” असं दुकानदार सांगतात. अर्धंच खरं आहे ते. नुसता प्लस किंवा मायनसचा नंबर असेल तर खुशाल काढा. फोकसरची (आयपीस बसवायच्या, सरकणाऱ्या नळीची) खुंटी थोडी आतबाहेर केली की नंबर भरून निघतो. सिलिंडरचा नंबर मात्र कितीही फोकस केला तरी निघत नाही, कारण डोळ्याची वक्रता एका दिशेला वेगळी आणि आडव्या दिशेला वेगळी असते. तारा रेघ होऊन दिसतो. फोकस पुढेमागे केला की रेघ उभीची आडवी होते. माझ्या उजव्या डोळ्याला सव्वा सिलिंडर आहे, तेव्हा हे मी रोज बघते.

दोष डोळ्याचा की आयपीसचा, हे ओळखायची एक रीत आहे, ती खरेदीला निघण्याआधी करून बघा. बऱ्यापैकी ठळक तारा २५ मिमीच्या आयपीसमध्ये घ्या, चष्मा काढा आणि तो मधोमध आणून शक्य तितका बारीक करा. रेघोटी किंवा ओढल्यासारखा दिसला तर डोळा न हलवता मान हळूहळू एका खांद्याकडे कलती करा. रेघ मानेबरोबर फिरली तर दोष तुमच्या डोळ्यात. मान सरळ ठेवून आयपीस फोकसरमध्ये फिरवा. रेघ त्याच्याबरोबर फिरली तर आयपीस सदोष. दोन्ही करून रेघ जागची हलली नाही तर आरशाकडे वळा, बहुतेक आरसा क्लिपांमध्ये नको तितका आवळलेला असतो. पाच मिनिटांचं काम आहे. दुर्बीण “क्लिअर नाही” म्हणून वैतागलेली माणसं माझ्याकडे येतात, त्यांना मी आधी हे करायला लावते. आणि बऱ्याच जणांना शेवटी नवा आयपीस लागत नाही, चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा लागतो.

आमच्या मजल्यावरच्या आजींना शनी बघायचा होता. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे बरोबर कडेने वळली होती, आता ती परत हळूहळू उघडताहेत, आणि आजींनी हे पेपरात वाचलं होतं. जिने चढून गच्चीवर आल्या. दुर्बिणीला तेव्हा १० मिमीचा प्लॉसल होता.

“अगं, नुसतं काळं दिसतंय मला.”

“आजी, चष्मा जरा काढून बघता का?”

“काढला. आता पिवळा ढग दिसतोय.”

त्यांना दोन सिलिंडर आहे, त्यांचा चष्मा मीच केलेला. मी १२ मिमीचा स्टारगायडर लावला, रबरी कप खाली दुमडला आणि म्हटलं, “चष्मा राहू दे डोळ्यांवर, फक्त काच रबराला टेकवा.” आजी वाकल्या, थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग आयपीसवरून डोळा न उचलताच म्हणाल्या, “बाई गं, खरंच कडं आहे की त्याला!” आणि जागा सोडायला तयार होईनात.

त्या आयपीसचा आय रिलीफ १६ मिमी. चष्म्याला तो अगदी काठावर पुरतो, ऐसपैस नव्हे. जाड फ्रेम असेल तर कडेचा थोडा भाग कापला जातो. पण १० मिमी प्लॉसलच्या मानाने हा फरक मोठा आहे. किमतीत तो साध्या प्लॉसलच्या दुप्पट-तिप्पट पडतो आणि तेवढ्याचा आहे.

दुसरं कारण ठाण्याचं आभाळ. आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी, एक्झिट प्युपिल, काढायला आयपीसच्या मिलिमीटरला एफच्या आकड्याने भागायचं. ३० मिमीला माझ्या दुर्बिणीत ५ मिमी येते, २५ ला सव्वाचार, १२ ला २, ८ ला १.४ च्या आसपास, ६ ला १. तरुण माणसाची बाहुली पूर्ण अंधारात ७ मिमीपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर बहुतेकांची ५ च्या आसपास थांबते. आणि पूर्ण अंधार आहे कुठे? आमच्या गच्चीवरून पश्चिमेला येऊरचा डोंगर, त्या अंगाला जरा बरं. बाकी घोडबंदर रोडचे दिवे, टॉवरच्या जिन्यांचे दिवे, होर्डिंगं. बाहुली पुरती उघडतच नाही. म्हणजे ३० मिमीच्या आयपीसमधून आलेला थोडा प्रकाश बुबुळावरच वाया जातो. शिवाय जाड झोतात आभाळाचा उजेडही भरपूर येतो, आणि करड्या पडद्यावर करडा तेजोमेघ कसा दिसणार?

झोत २ मिमीवर आणला की पार्श्वभूमी काळवंडते, तारे मात्र ठिपके असल्याने तेवढेच तेजस्वी राहतात. १२ मिमी मला त्यासाठी आवडतो. १०० पटीवर मृगाच्या तेजोमेघातले ट्रॅपेझियमचे चार तारे सुटे, टोकदार दिसतात आणि भोवतालचा मेघ ठाण्यातूनही पंख पसरल्याचं कळतं. पुनर्वसूतला कॅस्टर स्वच्छ जोडतारा होतो. शिवाय झोत बारीक झाला की बाहुलीचा फक्त मधला भाग वापरला जातो, तिथे सिलिंडरचा दोष कमी जाणवतो. मी २५ मिमीला चष्मा लावते, १२ ला शक्यतो लावते, ८ आणि ६ ला काढून ठेवते. सिलिंडर अर्ध्यापर्यंत असेल तर तुम्हाला १२ लाही गरज पडणार नाही. मोठा नंबर असलेल्यांसाठी टेलीव्ह्यू कंपनीचं डायऑप्ट्रिक्स नावाचं एक भिंग मिळतं, ते आयपीसवरच बसतं आणि सिलिंडर दुरुस्त करतं. फक्त ते त्यांच्याच ठरावीक आयपीसवर चालतं आणि महाग आहे.

दृष्टिक्षेत्राचं महत्त्व डॉब वापरणाऱ्याला चटकन पटतं. डॉबला मोटर नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते आणि ग्रह आयपीसमधून सरकत जातो. १० मिमी प्लॉसलमध्ये, ५० अंशी क्षेत्र धरलं तर (त्याला पटीने भागलं की आभाळाचे किती अंश दिसतात ते कळतं), कडेपासून कडेपर्यंत जायला त्याला शंभर सेकंद लागतात. १२ मिमी साठ अंशीत सव्वादोन मिनिटांहून जास्त. मी ग्रह मधोमध आणून बाजूला होणार, पाहुणा पुढे येणार, चष्मा सावरणार, डोळा लावणार, एवढ्यात अर्धा वेळ गेलेला असतो. पोरंटोरं रांगेत असली की हा वाढीव वेळ फार कामाला येतो.

८ मिमी, १५० पट, हा ग्रहांचा माझा नेहमीचा आयपीस. गुरू जवळ असताना त्याची थाळी साधारण ४५ विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) असते, म्हणजे ४० पटीलाच तो साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा होतो. तरी पहिल्यांदा बघणारा प्रत्येक जण “एवढासाच?” म्हणतो. यावर उपाय म्हणून जास्त पट लावू नका, जास्त वेळ बघू द्या. काही मिनिटांनी हवा क्षणभर स्थिरावते आणि दोन पट्ट्यांच्या मधले धागे उठून दिसतात. आमच्या गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो, तो रात्री बऱ्याच उशिरापर्यंत वाफा सोडतो, चित्र त्यात डुचमळतं. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवावी आणि ग्रह कुणाच्या एसीच्या बाहेरच्या युनिटवरून जात असेल तर तो सरकेपर्यंत थांबावं.

६ मिमीचा माझ्याकडे सोनेरी पट्ट्याचा ६६ अंशी आयपीस आहे. हा एकच माल वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, तेव्हा नावापेक्षा किंमत बघून घ्या. २०० पट, आणि स्वस्ताईच्या मानाने फारच चांगला. त्याच कुटुंबातले १५ आणि २० मिमी मात्र एफ/६ च्या आसपासच्या दुर्बिणीत घेऊ नयेत, काठावरचे तारे पंख फुटल्यासारखे दिसतात. ६ आणि ९ मध्ये नळीच्या तळाशी बार्लोसारखं (पट वाढवणाऱ्या जोडभिंगासारखं) एक खोलगट भिंग असतं, त्यामुळे ते सावरतात. ठाण्यात २०० पट चालेल अशा रात्री थोड्या. पण चंद्राच्या दिवस-रात्रीच्या सीमेवर विवरांच्या सावल्या बघायला तो काढला की ठेववत नाही. ६ च्या खाली मी जात नाही. ४ मिमीला झोत पाऊण मिमीहून बारीक होतो आणि स्वतःच्याच डोळ्यातले तरंगणारे धागे-ठिपके चंद्रावर फिरताना दिसू लागतात. चाळिशीनंतर बऱ्याच जणांना ते असतात. भिंगावर धूळ आहे समजून लोक पुसत बसतात.

रुंद क्षेत्राचा आनंद खोटा नाही, पण त्याला आभाळ हवं. टेलीव्ह्यूचे संस्थापक अल नॅगलर यांनी अपोलो चांद्रमोहिमेच्या प्रशिक्षणाच्या सिम्युलेटरसाठी रुंद क्षेत्राची प्रकाशयंत्रणा केली होती आणि पुढे तोच ध्यास आयपीसमध्ये आणला; ८२ अंशी आयपीसमधून बघताना चौकट जाणवत नाही हे मी अनुभवलंय. वांगणीला खगोल मंडळ या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम होतात. अशा ठिकाणी जाऊन, विनंती करून, दुसऱ्याचा आयपीस आपल्या दुर्बिणीत लावून बघावा, त्याइतकी चांगली परीक्षा नाही. एका मित्राचा एक्सप्लोअर सायंटिफिकचा २४ मिमी ६८ अंशी मी तसाच लावून पाहिला. ५० पट, म्हणजे माझ्या २५ मिमीएवढीच. पण १ अंशाच्या जागी १.३६ अंश आभाळ. कृत्तिकांचे ठळक तारे २५ मिमीत कडेला चेपून बसतात, यात मोकळे बसले. उन्हाळ्याच्या तोंडाशी दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी वर आला, आपल्या अक्षांशावरून तो क्षितिजापासून २३ अंशांपर्यंत चढतो, आणि त्या आयपीसमध्ये तो गोल गुच्छ भोवतीच्या काळोखासकट असा दिसला की मी मित्राला आयपीस परत करायला टाळाटाळ केली. वर्षातून बऱ्याच वेळा अंधाराकडे जाणं होत असेल तर हा जरूर घ्या. वजनदार आहे; हलक्या डॉबची नळी तो लावला की पुढे झुकते, मागे चुंबक लावून तोल सांभाळावा लागतो.

चष्मा लावून गच्चीवर बघणाऱ्यांसाठी आणखी एक. रबरी कप दुमडला की बाजूचा प्रकाश आत येतो आणि चष्म्याच्या काचेच्या मागच्या बाजूवरून थेट डोळ्यात परावर्तित होतो. समोरच्या टॉवरच्या जिन्याचा दिवा शनीशेजारी दिसतो. चष्म्याला चांगलं अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग असेल तर निम्मा त्रास जातो. उरलेल्यासाठी डोक्यावरून काळं सुती कापड घ्या. उकडतं, पण फरक बघाल तर घ्याल.

फोटोंची बाब निराळी. डीएसएलआर थेट फोकसरला जोडायचा तर आयपीस लागतच नाही, दुर्बीणच लेन्स होते. बऱ्याच डॉबमध्ये फोकस बाहेर पुरेसा येत नाही, तिथे बार्लो मधे घातला की जमतं. मोटर नसल्याने तेजोमेघांचे लांब एक्स्पोजर विसरा. चंद्र आणि ग्रह भरपूर आहेत. मोबाइलने काढायचे तर कॅमेरा डोळ्याच्या जागी बसतो, म्हणून इथेही लांब आय रिलीफ सोयीचा. २५ मिमी प्लॉसलमध्ये अख्खा चंद्र आरामात मावतो. मोबाइलचा होल्डर हवाच, हातात धरून काळा अर्धचंद्र येतो. मुख्य कॅमेरा निवडून ठेवा, नाहीतर मोबाइल आपल्या मनाने दुसरी लेन्स घेतो. चंद्रावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. गुरूचा व्हिडिओ घेऊन ऑटोस्टॅकर्ट या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चांगल्या फ्रेम एकावर एक रचल्या की पट्टे येतात. ७ ते २१ मिमीचा स्वस्त झूम आयपीस मी याच कामाला वापरते. २१ च्या टोकाला त्याचं क्षेत्र ४० अंशांपर्यंत आकसतं, डोळ्याने बघायला ते कोंदट वाटतं, मोबाइलला मात्र चालून जातं.

आणि पावसाळा. आपल्याकडे आयपीसचा खरा शत्रू बुरशी. कॅमेऱ्याच्या लेन्सा आणि हाताच्या दुर्बिणी दुकानात येतात, आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे असतात, आणि जुनी बुरशी कोटिंग खाऊन टाकते. ती साफ केली तरी डाग जात नाही. मेपासूनच सगळे आयपीस रबरी कडेच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलसह, आत छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहिला पाहिजे. जेलचे नारिंगी दाणे हिरवे झाले की कढईत मंद आचेवर परतून घ्यायचे, पुन्हा नारिंगी होतात. फोम लावलेली सुटकेस दिसायला छान, पण फोम ओल धरतो; पावसाळ्यात ती नकोच.

डोळ्याच्या बाजूचं भिंग काजळ आणि पापण्यांच्या तेलाने माखतं, आय रिलीफ जितका कमी तितकं लवकर. ओढणीने किंवा शर्टाने पुसू नका. आधी रबरी फुग्याने धूळ उडवा, मग स्वच्छ कापडाच्या टोकावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन मधून बाहेर हलक्या हाताने फिरवा. आयपीसवर थेट काही ओतू नका, थेंब कडेने आत उतरतो.

वापरलेला आयपीस घेत असाल तर समोर बसून घ्या आणि मोबाइलचा टॉर्च तिरका मारून आत बघा. धुळीचे चार कण असले तर बिनधास्त घ्या, चित्रावर परिणाम होत नाही. धागे दिसले, किंवा कडेला इंद्रधनुषी धुकट पट्टा दिसला, तर कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. बुरशी तुमच्या डब्यातल्या बाकीच्यांनाही लागू शकते.